तेल मुरलेली फळी

आई, तू दिलेला पोळपाट अजून माझ्याच ओट्यावर आहे. मधे थोडा खोलगट झालाय, पण चीर म्हणून गेलेली नाही. माझ्या लग्नाआधी जोतिबाच्या यात्रेतून तू तो आणला होतास आणि घरामागच्या परड्यात बसवून म्हणाली होतीस, "घास." मी नुकती दहावी झालेली, पुढं शिकवत नाही म्हणून तुझ्यावर रुसलेली. रागारागानं कसाही हात फिरवायला लागले, तर तू मनगटावर फटका दिलास. "आडवं नगं. लाकडाच्या अंगानं हात जाऊ दे. वरखडं पडलं तर जल्मभर दिसत्यात." मग तू वाटीत शेंगतेल घेऊन बसलीस. मी म्हटलं, बास की आता, किती तेल. तू म्हणालीस, "पाज अजून. लाकूड हाय ते, तहान लागती त्याला." एरवी फोडणीला तेलाचे थेंब मोजणारी तू!

आता मी दिवसभर लाकूडच घासते. ह्यांचं काम सुटल्यावर सुनेनं बाहेरच्या खोलीत लेसरचं मशीन घातलं. फळीवर माणसाचा फोटो जाळून काढतं ते. चांगलं लाकूड परवडत नाही, म्हणून कागलच्या एमआयडीसीतल्या मालपेट्यांच्या मोडक्या फळ्या हे गाडीला बांधून आणतात. खिळे उपटायचे, गाठी असलेल्या बाजूला काढायच्या, बाकीच्या दगडाखाली दाबून सरळ करायच्या. मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. ओल्या फडक्यानं पुसलं की लाकडाची लव उभी राहते, ती वाळली की परत बारीक पेपर. शेवटी पांढऱ्या रंगाचा पातळ हात. "आत्या, लाकूड गप्प बसलं पाहिजे," सून म्हणते, "न्हायतर माणसाच्या गालावर रेघा येत्यात." अंबाबाईचं नाव घेत घासते, त्यामुळं वेळ जातो, पण खांदा रात्री झोपू देत नाही. नाकात भुसा, पदरात भुसा, देवापुढं बसले तरी बोटांना त्या चिराच्या लाकडाचा राळेसारखा वास. कंटाळा आलाय, आई. आजारपण नाही, दुःख नाही, नुसता कंटाळा. तो कुणाला सांगायचा?

लाकडाच्या अंगानं घासायचं हे तुझं इथं कामाला आलं. तेलाचं नाही आलं. पहिल्याच ऑर्डरीच्या फळ्या मला कोरड्या वाटल्या म्हणून मी तेल पाजून ठेवल्या. मशीन सुरू झालं आणि धूर मावेना. कुणाचे तरी फेटा बांधलेले वडील होते, त्यांचं तोंड काळ्या डागांनी भरून गेलं. सून आत आली.

"आत्या, फळीला तेल लावलंय काय ओ तुम्ही?"

"व्हय की. कोरडी पडलेली."

"अहो, चपात्या लाटायच्यात काय तिच्यावर?"

हे दारातूनच म्हणाले, "लाटा की. म्हातारा चपातीवर उठंल!"

सगळे हसले, मीसुद्धा हसले. पण ती फळी मला टाकवेना आणि बंबातही घालवेना. कुणाचा तरी बाप तो. कपाटामागं उभी करून ठेवलीय.

येणाऱ्या ऑर्डरी बहुतेक गेलेल्या माणसांच्याच असतात. कुणाची आई, कुणाचे आजोबा. निळा ठिपका पुढं-मागं धावतो, आधी केस, मग कपाळ, मग डोळे, ओळीओळीनं जळत खाली येतात. मी चहा घेत बघते. परक्याच्या आईचं काही वाटत नाही, हे खरं सांगते.

मग दादाचा फोन आला. मलकापुरात त्यानं घर बांधलंय, गुरुवारी वास्तुशांत. म्हणाला, "आईचा फोटू कर की ग फळीवर. दाराच्या समोर लावतो. तुज्या हातची फळी पायजे." तुझा एकुलता एक फोटो आहे, पासबुकासाठी काढलेला. आठवतं? तो हातात घेऊन तू म्हणाली होतीस, "कोण ही? बँकेत सांगून ठेवा, ह्या म्हातारीला माझं पैसं दिऊ नगा." सुनेनं तो कॉम्प्युटरवर मोठा केला, उजळला. पदराखाली तुझी कानातली दिसायला लागली. मला कितीतरी वर्षांनी दिसली.

फळी मी सगळ्यांत चांगली निवडली. एक गाठ नाही, रेषा इतक्या बारीक की सून म्हणाली, हिला पांढरं द्यायलाच नको. तीन दिवस घासली. गालावरून हात फिरवावा तशी झाली. काल दुपारी सून म्हणाली, "आत्या, आणा फळी, आजीचं लावू या." मी म्हटलं, जरा थांब, एकदा पुसते.

आई, तुला नेलं तेव्हा मी उंबऱ्यापर्यंतच आले होते. आपल्यात बायका पुढं जात नाहीत. दादानं अग्नी दिला, तो सगळं बघून आला, अंघोळ करून जेवलासुद्धा. त्याचं ते झालंय. म्हणून त्याला फोनवर म्हणता येतं, आईचा फोटू कर की. मी काही पाहिलेलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं तू परड्यातच वाटी घेऊन बसलेली असतेस. आता माझ्याच घरात, मीच घासलेल्या लाकडावर, आधी तुझे केस, मग कपाळ... आणि मी चहा घेत बघायचं?

हे दादाला सांगता आलं असतं. तो रागावला नसता. "येडी हाईस काय" म्हणाला असता, आणि मग मला करावंच लागलं असतं.

तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं मीच वाचून दाखवायचे आणि त्यातलं नको ते गाळायचे. हे पत्र वाचून दाखवायला कोणी नाही, तेव्हा पोळपाटाखालीच राहू दे. म्हणून यातलं काही गाळत नाही. काल फळी पुसायला आत आणली आणि तिला तेल लावलं. वाटीभर शेंगतेल, दोन्ही बाजूंनी, पीत होती तेवढं. दादासाठी सून आता दुसरी फळी शोधतेय. एवढी चांगली सापडेलसं वाटत नाही, पण सापडलीच तर त्या वेळी मी देवळात जाईन. तिला वाटतंय, आत्या परत विसरल्या. मी तसंच वाटू दिलंय.