गोदामातला गणपती

वर्धा,
मंगळवार, १२ मार्च २०२४

प्रिय दादास,
मंजूचा नमस्कार.

आईचा गुडघा आता बरा आहे. सकाळी फाटकापर्यंत चालते आणि परत येऊन सगळ्या गल्लीची खबर मला देते. वहिनीने पाठवलेल्या कुरड्या मिळाल्या. पत्र बघून तू हसशील, वकिलीणबाईंना बोलायचे पैसे मिळतात आणि ही लिहीत बसली. काय करू, आगीचं नाव काढलं की तू फोन ठेवून देतोस.

आधी कामाचं. तुझ्या कापसाच्या गोदामाच्या दाव्याची फाईल विमा कंपनीने नेहमीप्रमाणे माझ्याकडेच पाठवली होती. दावा करणारा माझा सख्खा भाऊ आहे असं लिहून मी ती न उघडताच परत केली. आता ती नागपूरच्या वकिलांकडे आहे. त्यामुळे खाली लिहिते ते फाईलमधलं नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तू जेवताना मला चिडवायचास, "काय मंजू, आज कोणाची आग इझवली?" मग मी रंगवून सांगायचे. चौदा वर्षं कंपनीच्या बाजूने उभी राहते आहे. एकदा तुला म्हटलं होतं, माणूस दुकान जाळतो पण देव जाळत नाही, आधी तसबीर घरी नेऊन ठेवतो आणि तिथेच सापडतो. तू पोट धरून हसलास. "पक्का बुद्दू असन," म्हणालास.

पंधरा फेब्रुवारीला, गुरुवारी, मी तुमच्याकडे समुद्रपूरला गोळाभात खायला आले होते. लोणच्याची बरणी काढायला कोठीत गेले, तर पोत्याआड चादरीत गुंडाळून काही उभं केलेलं. चादर बाजूला केली. अण्णांनी केळझरहून आणलेली गणपतीची तसबीर. वीस वर्षं ती गोदामात तुझ्या गादीच्या वर होती. वहिनी म्हणाली, "काचीले तडा गेला म्हणत होते." काच धड होती. मी लोणचं घेऊन बाहेर आले.

रविवारी भर दुपारी गोदाम जळालं. सोमवारी मी तुझ्याशेजारी राखेत उभी होते. भिंतीत खिळा तसाच होता आणि खाली काचेचा एक तुकडा नव्हता. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास, "अण्णाचा गणपती बी गेला वं मंजू."

तेव्हाही मी गप्प बसले. भाऊ आहे, प्रेमदास हमाल भाजला पण वाचला, बाकी कापूसच जळला आहे, कंपनी काय ते बघून घेईल, असं मनाला समजावलं. याची मला लाज वाटते.

पण पोलिसांत दिलेल्या तुझ्या तक्रारीत प्रेमदासचं नाव आलं. हमाल आत बिडी ओढत होता, त्यानेच आग लागली, असं तू लिहून दिलंस. तो तंबाखूचा खर्रा खातो, दादा. त्याच्या तोंडात बिडी मी कधी पाहिली नाही. आता डॉक्टर सोडतील त्या दिवशी त्याला अटक होणार आहे.

शनिवारी सावंगीच्या दवाखान्यात त्याला बघायला गेले. तुझा दिवाणजी कैलास खाटेला खेटून बसलेला. रोज सकाळपासून बसतो म्हणे. मी चिठ्ठी देऊन त्याला औषधाला पाठवलं, तेवढ्यात प्रेमदास बोलला. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते.

"ताई, जेवून जराक पडलो होतो गाठींमागं. जाग आली त धूरच धूर. दाराची कडी बाहेरून लागली होती. तापल्या पत्र्याले ढकलत निघालो. आता म्हणतात बिडीचं कबूल कर, नाई त बायकोले कामावरून काढतो."

कैलास आला आणि प्रेमदासने डोळे मिटून घेतले. कैलास मला जिन्यापर्यंत सोडायला आला. "ताई, तुमी इकडं येत नका जाऊ. रस्ता खराब हाये," म्हणाला. सावंगीचा रस्ता चांगला गुळगुळीत आहे. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि हे त्याला कोणी शिकवलं तेही.

तू गणपती बाहेर काढलास. मी सांगितलेलं सगळं ठाऊक असूनही तुझ्याने तो जाळवला नाही. आणि आत माणूस राहिला. कडी लावताना तुला तो दिसला नव्हता, असं मी धरून चालते. विचारत नाही, कारण तू काय सांगशील याची भीती वाटते. मला तुझी भीती वाटायला लागली आहे, दादा.

शुक्रवारी सकाळी अकराला मी समुद्रपूरच्या ठाण्यात जबाब द्यायला येते आहे. तसबीर, खिळा आणि प्रेमदास जे बोलला ते. पत्र तुला गुरुवारपर्यंत मिळेल. माझ्याआधी तू स्वतः गेलास तर मी बाहेर बाकावर थांबेन. कैलासला मात्र वाचल्याबरोबर तिथून उठव. आईला यातलं काही माहीत नाही.

जबाबाची सुरुवात मला पाठ आहे. नाव, वय, धंदा, राहणार. मग लिहून घेणारा मान वर करून विचारतो, ज्याच्याविरुद्ध सांगता तो तुमचा कोण. काल घरात एकटी असताना उत्तर मोठ्याने म्हणून बघितलं. तोंडातून निघेना. म्हणून आधी इथे लिहिते.

तुझी सख्खी बहीण,
मंजुषा