होडीचा डावा, माझा उजवा

आदरणीय साडूभाऊ यांस,

डोक्याच्या मागे टेंगूळ आलेल्या माणसाचा नमस्कार. तुमची प्रकृती उत्तमच असणार, कारण आपटलो आम्ही. तुम्ही सुकाणू धरून मागे सुखरूप होतात. ताईंना माझा साधा, न रागावलेला नमस्कार सांगा.

त्या रविवारी सकाळी सरावाला निघताना मी देवापुढे हात जोडले आणि शर्यत जिंकणं वगैरे न मागता एवढंच मागितलं, की डावं-उजवं नीट कळू दे. (तुमची मेहुणी आतून म्हणाली, "पन्नाशी आली, आता देव तरी काय करणार?") महिनाभर तुम्ही आम्हा चौघांच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकत होतात. वल्हेकरी जायच्या दिशेला पाठ करून बसतो, म्हणून होडीची डावी बाजू ती त्याची उजवी. तुम्ही होडीची बाजू पुकारणार, आम्ही ती मनात उलटी करून घ्यायची. मी पुस्तकं बांधणारा माणूस. पान उलटं लागलं तर शिवण उसवता येते. पाण्यात ती सोय नाही. तरी शिकलो. जेवतानासुद्धा उजव्या हाताला डावा म्हणू लागलो. आपल्या चौघांतल्या शिंप्याने तर गिऱ्हाइकाच्या बाह्या अदलाबदल करून शिवल्या.

आणि त्या सकाळी पुलाचा खांब समोर आला (समोर तुमच्या, आमच्या पाठीमागे), तेव्हा तुम्हाला आमची दया आली! या बावळटांना जमायचं नाही, असं समजून हुकूम तुम्हीच उलटा करून दिलात. आम्ही तो, तुमच्याच शिकवणीप्रमाणे, पुन्हा उलटा केला. दोनदा उलटलेलं पान सुलटं होतं. दोनदा उलटलेली होडी सरळ खांबावर जाते.

इथवरही मी गिळलं असतं. पण धक्क्यावर, सगळ्यांदेखत, माझ्या बायकोदेखत तुम्ही ओरडलात, "या बाइंडरला डावं-उजवं कळत नाही! शर्यतीत याच्या जागी माझा जावई बसेल." (याच्या! यांच्यासुद्धा नाही.) साडूभाऊ, मला डावं-उजवं कळतं. तुम्ही डावं-उजवं करता! जावईबापू वल्हं धरण्याआधी हातमोजे शोधतात.

राग टेंगळाचा नाही. जायच्या वाटेकडे पाठ करायची आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून जीव खाऊन ओढत राहायचं, हे मी आजवर फक्त देवाच्या भरवशावर केलं होतं. त्याच्यानंतर तुमच्या. त्याने मला खांबावर घातलं असतं, तरी चारचौघांत मला नावं ठेवली नसती.

म्हणून तुमची होडी सोडली. शिंपी, पोस्टमन आणि पाववालाही माझ्यामागे उतरले, हे कळलंच असेल. आम्ही शर्यतीत वेगळी होडी घातली आहे. तुम्ही नि जावईबापू खुशाल गोल गोल फिरा. एका वल्ह्याने दुसरं काही होत नाही.

तुमचा (नाइलाजाने)
साडू

ता. क. हिने शिवलेली माझी बैठकीची उशी तुमच्या होडीत राहिली आहे. जावईबापूंच्या खालून काढून पाठवावी.

आणखी एक ता. क. काल आम्ही सराव केला. चौघंही पाठमोरे, पुढे पाहणारा कोणीच नाही. तोच खांब. आता टेंगळं दोन.

शेवटचं. यापुढे डावे-उजवे असं पुकारायचं नाही. "शिंपी ओढा, बाइंडर थांबा" असं म्हणायचं. आमचे धंदे तरी पाठमोरे बसून बदलत नाहीत. येता का, असं मी विचारत नाही. शर्यतीच्या यादीत आमच्या होडीच्या सुकाणूवर तुमचं नाव आज सकाळीच घालून आलो आहे.