काठोकाठ पियाला

३ ऑक्टोबर
आज पुन्हा काठोकाठ! अदोलतने चहा ओघळेपर्यंत ओतला. आमच्याकडे मान द्यायचा तर पियाला अर्धा भरतात, पुन्हा पुन्हा ओततात. काठोकाठ भरला म्हणजे पाहुण्याने आता उठावं. मी उठणार कसा? अक्रोडाच्या झाडावरून पडल्याला चार वर्षं झाली, कमरेखाली काही कळत नाही. राहतो धाकट्या भावाकडे, तुर्गुनकडे. अदोलत त्याची बायको.

४ ऑक्टोबर
तीन पियाले, तिन्ही भरलेले. एकेक घोट घेतला, बाकी जिरेनियमच्या कुंडीत.

६ ऑक्टोबर
माझी लघवीची पिशवी तुर्गुन रिकामी करतो. आज अंगणात अदोलतने त्याला थांबवलं, पिशवी उजेडात बघितली. काय बघते एवढं? मग खिडकीतून ऐकू आलं — "तुम्हीच सांगा त्यांना. माझ्या तोंडून कसं निघेल?" तुर्गुन म्हणाला, "अक्रोड उतरू देत, मग सांगतो."

म्हणजे ठरलंय. मला ओश शहरातल्या अपंगगृहात टाकणार. सख्खा भाऊही सामील! वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

९ ऑक्टोबर
चहा बंदच केला. पाणीही नको यांचं. "अका, घोटभर तरी घ्या," दादा म्हणावं तशी अदोलत विनवते. काय पण साळसूद! "तहान नाही," म्हटलं.

११ ऑक्टोबर
लघवीच्या नळीत वाळूसारखं काहीतरी. घाम सुटतोय. दुखत नाही — पण मला दुखणार तरी कसं?

१६ ऑक्टोबर, रुग्णालय
नळी तुंबली, ताप चढला, शुद्ध हरपली. मूत्राशयात खडा निघाला, जर्दाळूच्या बीएवढा. फोडून काढला. डॉक्टरीणबाई तडकल्या — "मागच्या महिन्यात तुमच्या भावजयीला बजावलं होतं. पियाला भरभरून पाजा, नाहीतर खडे होतील. लघवी गढूळ दिसली तर कळवा. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

 तुर्गुनचं सांगायचं राहून गेलं. आणि मोठ्या दिरापुढे लघवीचा विषय अदोलत कशी काढणार? लाज वाटली. पियाला बघून मनात काय आलं ते तुर्गुनला सगळं सांगून टाकलं. कुंडीचंही.

२४ ऑक्टोबर
घरी आलो. अदोलतने पियाला अर्धाच भरला. प्यायलो. पुन्हा अर्धा. पुन्हा अर्धा. संध्याकाळपर्यंत सतरा वेळा उठली.