फोटोपुरता बेल्ट

सोमवार, २० जानेवारी २०२५
विश्रामबाग, सांगली

आज रुजू झालो. सेफ्टी ऑफिसर! हुद्दा ऐकून घरचे सगळे हसले होते. फौजेतून हवालदार म्हणून उतरलो, पण आमच्या साताऱ्याकडं पेन्शन घेतलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो, त्यामुळं इथंही पहिल्या चहापासून मी मेजर झालो. बरं वाटलं. बायको गेल्यापासून त्या घरात दुपार सरता सरत नव्हती आणि बसून बसून गुडघेही धरले होते.

इमारत सात मजल्यांची, सहा स्लॅब पडलेत. राहायला साइटवरच पत्र्याची खोली, खाट, पंखा. खिडकीतून समोरच्या कॉलेजची मुलं दिसतात. डबा शेजारच्या खानावळीतून. साइट इंजिनिअर विश्वजित तिशीच्या आतला, सतत फोनवर, पण बोलायला गोड. त्यानं सगळं फिरवून दाखवलं. परांचीला कठडा नाही, फळ्या सुतळीनं बांधलेल्या, मिक्सरची वायर पाण्यातून गेलेली, माणसं स्लीपर घालून सळयांवरून चालतात. सहाव्या मजल्यावर लिफ्टची जागा म्हणजे तळापर्यंत सरळ भोक, आणि त्याच्यापुढं सिमेंटचं एक रिकामं पोतं आडवं टाकलेलं. हे काय, म्हणून विचारलं, तर म्हणाला, खूण आहे.

सगळं लिहून घेतलंय. हळूहळू लावू शिस्त. पलटणीत याहून अवघड पोरं सरळ केलीत.

मंगळवार, २१ जानेवारी

इथली शिस्त आज कळली. साइटवर माणसं एकवीस आणि सेफ्टी बेल्ट सात. पुण्याच्या हेड ऑफिसला रोज सकाळी नऊच्या आत फोटो लागतो, प्रत्येक माणूस बेल्टसकट. मग सात जण बेल्ट बांधून भिंतीपुढं उभे राहतात. फोटो झाला की बेल्ट काढून पुढच्या सातांना देतात, ते झाले की शेवटच्या सातांना. आरतीचं ताट फिरावं तसे बेल्ट फिरतात. शेवटी सातही बेल्ट माझ्या खोलीतल्या खिळ्यांना, आणि माणसं मोकळ्या कमरेनं वर. बेल्टांवर पाठीमागं ऑइलपेंटनं एक ते सात आकडे घातलेत, आणि प्रत्येकाला एक दोरी, दोरीच्या टोकाला हूक.

मी विश्वजितला म्हटलं, निदान कडेला काम करणाऱ्यांना तरी द्या. तो म्हणाला, फाटले तर फोटोला काय घालायचं? थट्टेनं म्हणत नव्हता. गज बांधणारा ज्योतिबा मलाच समजावायला लागला, "आवं मेजर, त्यो फोटोपुरता बेल्ट हाय. त्यो बांधून काम हुतंय व्हय?" ज्योतिबा माण तालुक्यातला. हसरा माणूस. गावी अजून पंचवीस मेंढरं आहेत, बाप राखतो म्हणाला. त्याच्याशी बोलून बरं वाटलं.

सेफ्टीच्या वहीत 'बेल्ट' या रकान्यात 'ठीक' लिहून सही केली. पहिल्याच आठवड्यात भांडण नको.

गुरुवार, २३ जानेवारी

पुण्याहून मेसेज आला: हजेरीत एकवीस, फोटोंत बावीस कसे? मला रागच आला. फौजेत तेवीस वर्षं सकाळ-संध्याकाळ गिनती केली मी, एकदाही चुकलेली नाही. फोटो उघडून मोजले. पहिल्यात सात, तिसऱ्यात सात, मधल्यात आठ. टोकाला सेंटरिंगवाला अर्जुना आणि त्याच्या पलीकडं आणखी एक जण. हेल्मेट डोळ्यांवर ओढलेलं, अंगभर सिमेंट.

शेजारच्या साइटवरचा कुणी मजा म्हणून उभा राहिला असेल. विश्वजितला दाखवलं, तर त्यानं फोटोची तेवढी कड कापली आणि परत पाठवून दिला. एका अंगठ्यानं, चहा पिता पिता. रोजचं काम असल्यासारखं.

जेवणाच्या सुट्टीत हे लिहितोय आणि आत्ता लक्षात आलं. त्या माणसाच्या कमरेलाही बेल्ट होता.

शनिवार, २५ जानेवारी

अर्जुना पडला. दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून, पण खाली वाळू होती म्हणून वाचला. मांडीचं हाड मोडलंय. दवाखान्यात नेताना रिक्षात माझा हात सोडत नव्हता. "कमरंला वढलं मला, मेजर. बेल्टला धरून वढल्यागत." बेल्ट तर त्या वेळी माझ्या खोलीत होते. सातही.

परत येऊन तीन दिवसांचे फोटो मोठे करून बघितले, न कापलेले. तिन्हींत तो आहे, अर्जुनाच्या शेजारी. बाकीच्यांचे हूक मोकळे लोंबतात. त्याचा हूक अर्जुनाच्या बेल्टमध्ये अडकवलेला आहे.

सोमवार, २७ जानेवारी

स्लॅबवर पाणी मारणारी राहीबाई पाया खणल्यापासून इथं आहे. तिला फोटो दाखवला. तिनं फोन हातात घेतला नाही, लांबूनच म्हणाली, "मल्हार हाय त्यो." मग पाण्याचा नळ बंद केला आणि सांगितलं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळी फोटो झाला, मल्हारनं कमरेचा बेल्ट काढून पुढच्याला दिला, सहाव्या मजल्यावर गेला आणि लिफ्टच्या भोकात पडला. चौकशीला माणसं आली तेव्हा तोच फोटो पुढं केला गेला. बेल्ट दिलेला होता, यानंच हूक अडकवला नाही, असं सांगितलं गेलं. वहीत माझ्या आधीच्या ऑफिसरची सही होतीच, 'ठीक'च्या खाली.

"कागदावर त्येच्या कमरंला बेल्ट हायच की अजून," राहीबाई म्हणाली. "हूक अडकवला न्हाई म्हनून त्येलाच बोल लावला न्हवं? आता अडकवतोय."

वही उघडून बसलो. 'ठीक'च्या खाली माझ्याही सहा सह्या झाल्यात. लाज वाटली. नंतर नुसता थकवा आला.

आजच्या फोटोत त्याचा हूक ज्योतिबाच्या बेल्टमध्ये आहे.

मंगळवार, २८ जानेवारी

ज्योतिबाला खाली वाळू चाळायला लावलं. तो वैतागला. काय सांगणार त्याला? विश्वजितनं विचारलं तेव्हा मी फोटो पुढं केला. त्याचा चेहरा उतरला, पण बघितलं नाही त्यानं. हळूच म्हणाला, कड कापत जा मेजर, मी तेच करतो. परवा स्लॅबची तपासणी आहे, ज्योतिबा उद्या वर लागणारच. लिफ्टच्या भोकाला लागूनच गज बांधायचेत.

भोकावर ठोकायला फळ्या मागितल्या. नाहीत म्हणाला.

बुधवार, २९ जानेवारी

फोटो काढायचा नाही असं ठरवलं. नऊला पुण्याचा फोन. विश्वजितनं स्वतः काढला. अर्जुना नाही, दोन दिवस वीसच भरले, आज एकवीस भरले पाहिजेत, म्हणून मला हाताला धरून उभं केलं. मी उभा राहिलो. तेवीस वर्षांची सवय, उभं राहा म्हटलं की राहतो.

फोटो बघितला. ज्योतिबाच्या बेल्टमधला हूक सुटलाय. खरं सांगतो, आधी बरंच वाटलं.

आता मल्हार माझ्या शेजारी आहे. हूक माझ्या

दिवसभर जमिनीवरच राहिलो. ज्योतिबा वरून सुखरूप उतरला. कमरेला हात लावून बघतोय सारखा. काही नाही. घरी निघून जावं. पण भोक तसंच राहील, आणि माझ्यानंतर पुन्हा ज्योतिबा.

गुरुवार, ३० जानेवारी
सकाळी साडेआठ, सहावा मजला

वहीत आज 'ठीक नाही' लिहिलं. पहिल्यांदा. सही केली.

परांचीच्याच चार फळ्या सोडवून वर आणल्या. खोलीतून बेल्ट घेतला, आकडा न बघताच. बांधला. हूक खांबाच्या सळईला. ओढून बघितला. पक्का.

तीन फळ्या बसल्या, खिळे ठोकून. एक राहिली. जरा बसतो. तेवढंच लिहितो—

खाली फोटो चाललाय. विश्वजितचा आवाज येतो. कडेवरून वाकून दिसतात, ज्योतिबाही आहे. भिंतीपुढं सात जण. सगळ्यांच्या कमरेला बेल्ट. एक, दोन—

सात.

एक तर मी वर आणलाय. सहा हवेत.

परत मोजले. सात. गिनती माझी चुकत नाही—

मग हा माझ्या कमरेचा

आकडा पाठीमागं आहे. हात पुरत नाही. बोटाला सिमेंट लागलं, ओलं—

सळई मोकळी आहे. हूक तिथं नाही. दोरी ताठ झालीय. चौथ्या फळीच्या जागेतून खाली गेलीय, आणि खालून कुणीतरी