बोटावरचा वण

गोंदिया,
८ जून २०२५

ती. कुंदाआत्यास,
नीतूचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि हे मला ओरडून सांगता येणार नाही, म्हणून पत्र. इकडे सगळे बरे आहेत. गजेंद्र नेहमीसारखेच, घर पडायला आलं तरी आधी चहा संपवतील.

काळजी टिंकूची आहे. सहा वर्षांची पोर, पण मला बाजारातून यायला जरा उशीर झाला की फाटकाशी उभी राहून तर्जनीत अंगठ्याचं नख रुतवत राहते. तिथे आता वण पडला आहे. तस्साच माझ्या बोटावर आहे, बाबांच्याही होता. सासूबाई विचारतात, पोरगी कायले एवढी भेऊन राहते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा स्वभाव थोडा रक्तातून येतो, थोडा घरातून. रक्ताचं मी काही करू शकत नाही, घर बदलू शकते. म्हणून तिला नागपूरला वसतिगृहाच्या शाळेत घालायचं म्हणते. माझ्याजवळ राहिली तर माझ्यासारखी होईल, याची मला फार भीती वाटते. तू बाबांची सख्खी बहीण, पण दरेकशाला मामाकडे वाढलीस आणि कशी धीट झालीस. शाळा तेवीसला सुरू होते. तुझं मत लवकर कळव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
नीतू

दरेकसा,
१७ जून २०२५

चि. नीतूस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे दुखतात, कान गेले, बाकी ठीक. तुझं पत्र चारदा वाचलं. मी धीट आहे हे तुला कोणी सांगितलं?

तुझे आजोबा गावच्या तलावाची पाळ, तो मातीचा बांध, राखत. पावसाळाभर रोज पाळीवरून चालायचं आणि कुठे ओल झिरपते का ते हातानं चाचपायचं. भित्रे होते म्हणूनच गावानं ते काम त्यांना दिलं होतं. ढग दिसला की त्यांचं नख बोटात जाई. माझंही तसंच व्हायला लागलं, तेव्हा पोरगी आपल्याला पाहून बिघडते असं वाटून त्यांनी सहाव्या वर्षी मला इथे आणून सोडलं.

भीती माझ्याबरोबरच आली गं. तिकडे निदान माझे बाबा मला पाळीवर नेत. दोघांनी मिळून हात फिरवला, सगळं कोरडं निघालं, की माझी मूठ सुटायची. इथे मी भ्याले की सगळे हसत. मग मी दाखवणं सोडलं आणि मामी गावभर सांगू लागली, पोरगी किती गुणाची, रडत म्हणून नाही. साठ वर्षं मी तो हात पदराखाली ठेवला आहे. म्हणून तुला वण कधी दिसला नाही.

टिंकूला पाठवू नकोस. तिची भीती ओळखणारी त्या घरात तू एकटीच आहेस. सगळ्यांना माझे आशीर्वाद सांग.

तुझी आत्या,
कुंदा

गोंदिया,
२७ जून २०२५

ती. कुंदाआत्यास,
शि. सा. नमस्कार.

तुझ्या पत्राला दहा दिवस लागले. मी वाट पाहिली नाही. टिंकूला सोडून आज पाचवा दिवस.

काल वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला होता. कौतुकानं म्हणाल्या, मुलगी फार गुणाची, एकदाही रडली नाही. फक्त बोटाला जखम झाली आहे, पट्टी बांधली की काढून टाकते. काल ते ऐकून मी खूश झाले होते, आत्या. आज तुझं पत्र वाचलं आणि ते गजेंद्रांपुढे ठेवलं.

गजेंद्र चहा तसाच टाकून तिकिटं काढायला गेले आहेत. दुपारच्या गाडीनं नागपूरला निघतो. टिंकूला घेऊन रविवारी तुझ्याकडे येते. तेवढा हात पदराबाहेर ठेव.

तुझी,
नीतू