छाट बिडी

नागपूर, ६ जानेवारी १९८३

चि. ईश्वरास सुलोचनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईच्या पहिल्या स्मृतिदिनाची स्मरणिका मिळाली. कागद चांगला, फोटोही चांगला. पान तीन वाचलं आणि पुढचा चहा तसाच राहिला. तिथे छापलंय की, केशवरावांनी लाखनीत बिडी कारखाना उभारला व पंचफुलाबाईंनी त्यांना मोलाची साथ दिली.

केशव माझा सख्खा भाऊ. माझा फार लाडका. पण तेंदूचं पान कोणतं आणि पळसाचं कोणतं, हे त्याला शेवटपर्यंत विचारावं लागे. कारखाना चालू असताना तो ओसरीवर पेटी वाजवत बसे आणि उत्तम वाजवी. तेवढं खुशाल छापा.

पंचफुला आधी ठेकेदाराकडे बिड्या वळायची. त्याचा माणूस चांगल्या बिड्याही छाट, म्हणजे नापास, म्हणून बाजूला काढी, त्यांची मजुरी देत नसे आणि त्याच बिड्या गुपचूप विकी. म्हणून तिनं स्वतःचा कारखाना काढला आणि पहिला नियम केला, की छाट बिडी वळणारणीच्या डोळ्यांसमोर मोडायची आणि तुकडे तिच्याच हातात द्यायचे. मग जिल्ह्यातल्या बाया घेऊन ठेकेदारांच्या दारात बसली आणि त्यांनाही तो नियम पाळायला लावला. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला इंग्रजी शिकवलं. भांडायचं कसं, ते तुझ्या आईनं.

मजकूर बदल. नाहीतर सत्तावीस तारखेच्या स्मृतिदिनाला अध्यक्षस्थानी दुसरं कोणी बसव.

अजून तरी तुझी,
आत्या

लाखनी, ११ जानेवारी

ती. आत्याबाईंना सा. नमस्कार वि. वि.

घरी सर्व खुशाल. मजकूर मीच लिहिला. समितीतले भय्याजी म्हणाले की परवाना बाबांच्या नावावर होता, आईला मालकीण म्हटलं तर लोकांत बाबांचा मान काय राहील. मलाही ते पटलं. आता पाचशे प्रती छापून झाल्या आहेत. राग नसावा.

आपला भाचा,
ईश्वर

नागपूर, १४ जानेवारी

चि. ईश्वरास आशीर्वाद.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे. गोड बोलणं जमणार नाही. परवाना केशवच्या नावावर होता, कारण कचेरीतल्या साहेबानं बाईचा अर्ज हातातच घेतला नाही. त्या साहेबाचं काम आता तिचा पोरगा पुरं करतोय.

मला समजावू नकोस. कारखान्यातल्या बायांना पान तीन वाचून दाखव. त्यांनी मान्य केलं तर मी येईन आणि तोंड मिटून बसेन. ते मला किती जड जाईल, तू जाणतोस.

आत्या

लाखनी, २० जानेवारी

ती. आत्याबाईंना सा. नमस्कार वि. वि.

वाचून दाखवलं. बायांचे हात चालूच होते. मग छाटणीवर बसणाऱ्या रत्नाबाईंनी विचारलं, की बाईनं साथ देल्ली म्हनता, त मंग कारखाना कोन चालवे. त्यांनी प्रत मागून घेतली, माझ्या डोळ्यांसमोर फाडली आणि दोन्ही तुकडे माझ्या हातात ठेवले. मग एकेक बाई उठली. वाटायला नेलेल्या साऱ्या प्रती तशाच फाटून माझ्या हातात परत आल्या. दारात भय्याजी उभे होते, त्यांचेही हात भरले.

उरलेल्या प्रती मी स्वतः फाडल्या. नवा मजकूर रत्नाबाईंनी सांगितला, मी उतरवून घेतला. छापायला देण्याआधी त्यांनी तो दोनदा ऐकला आणि पास झालेल्या बिडीला म्हणतात तसं, बंडलात बांध म्हणाल्या.

बाबांबद्दल एकच वाक्य आहे, तेही आपलंच. केशवराव पेटी उत्तम वाजवीत.

सत्तावीसला सकाळच्या एसटीनं यावं. मी स्टँडवर उभा राहीन. माया आहे तशी असू द्यावी.

आपला,
ईश्वर