घोड्यांच्या गोळ्या

डॉफिन, मॅनिटोबा
बुधवार, १२ जानेवारी २०११

माझ्या दारकाला,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद आणि एक मिठी, पाठीला धक्का न लावता मारलेली.

आम्ही ठीक. तुझ्या पावलोभावजींचा गुडघा कुरकुरतो, गुडघ्याचा मालकही कुरकुरतो. उणे तीसच्या खाली गेलंय. गाडीच्या इंजिनाला रात्रभर विजेची वायर लावून ऊब दिली नाही तर सकाळी ती हूं की चूं करत नाही. गेल्या गुरुवारी, आपल्या जुन्या पंचांगाच्या ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी, बारा पदार्थ झाले. अकरा मी केले, बारावा, गव्हाची गोड कुत्या, तुझ्या लारिसाने. खसखस बारीक वाटलीन हो पोरीने, मध जरा जास्त पडला, पण तुझ्यापेक्षा बरा. तुला चार तासांचा बसप्रवास झेपणार नाही हे कळतं मला, तरी सवयीने तुझं ताट मांडायला गेले तर पावलो केवढ्यांदा ओरडला, "अगं बाई, आजच्या दिवशी रिकामं ताट मेलेल्यांचं असतं! तुझी बहीण जिवंत आहे, उचल ते!" उचललं.

लारिसाला पाठवलंस, बरं केलंस. तिच्याबद्दलच लिहायला बसलेय. सोमवारपासून बसतेय, खरं तर. दोनदा लिहून फाडलं.

त्याच दिवशी दुपारी आम्ही दोघी पिरोही करत होतो. मी लाटतेय, ती बटाट्याचं सारण भरतेय. एकदम उठली, मागचं दार सताड उघडलं आणि शर्टाची वरची बटणं सोडून उंबऱ्यात उभी राहिली. पावलो म्हणाला, "पोरी, अख्ख्या मॅनिटोबाला ऊब द्यायचीय का?" ती हसली. पण मानेवर लाल चट्टे आणि कपाळावर घाम. दारका, तीन वर्षांपूर्वी माझी पाळी जाताना मी अशीच अनवाणी बर्फात जाऊन उभी राहायचे. तू चौतिसाव्या वर्षी, ऑपरेशननंतर, पंखा लावून हिवाळा काढला होतास. अंगातून निघणाऱ्या त्या वाफा मी कुठेही ओळखीन. पण तेवीस वर्षांच्या पोरीत?

पावलोला लाकडं आणायला पिटाळलं आणि तिला विचारलं. तिने सांगितलं सगळं. दीड वर्ष पाळी नाही. डॉक्टरीण म्हणते, अंडाशयांनी काम थांबवलंय, का ते सापडत नाही. हार्मोनच्या गोळ्या दिल्यात, पन्नाशीपर्यंत घ्यायच्या.

"मग घेतेस ना?" मी म्हटलं.

"आईने फेकल्या. म्हणाली, याच गोळ्यांनी मी मरणार होते, स्तेफामावशीने मला ओढून बाहेर काढलं. माझ्या घरात त्या येणार नाहीत." मग माझा पिठाचा हात धरून म्हणाली, "मावशी, आई फक्त तुझं ऐकते. आणि खरं सांगू, आता मलाही भीती वाटते. तूच सांग. घेऊ की नको?"

मी काय सांगितलं माहितेय? म्हटलं, "पाणी उकळलंय, पिरोही सोड."

आता पुढचं. तुला माहीत आहे त्यातलं बरंच, तरी क्रमाने लिहिते. नाहीतर मी तिथवर पोचणार नाही, पुन्हा हवापाण्यावर घसरेन.

आपण त्या कामातलीच माणसं. ऑक्टोबर ते मार्च साठ गाभण घोड्या आमच्या तबेल्यात ओळीने उभ्या असायच्या. प्रत्येकीच्या मागे छताला दोरीने टांगलेली रबरी पिशवी, पिशवीची नळी खालच्या डब्यात. कंपनीची गाडी यायची आणि मूत घेऊन जायची, त्यातून बायकांच्या गोळ्या बनायच्या. गाभण घोडीच्या अंगात ते हार्मोन इतकं की मुतातून वाहून जातं, आणि तुझ्या अंगात ऑपरेशननंतर थेंबभर उरलं नव्हतं. गाठींपायी दोन्ही अंडाशय काढले होते ना. डॉक्टरने त्याच गोळ्या दिल्या तेव्हा तू किती हसली होतीस! "स्तेफा, तुझ्या घोड्या मुततात म्हणून मी झोपते. झिर्काला माझ्याकडून एक गाजर दे." मी खरंच दिलं होतं गाजर.

आणि आईच्या हनुवटीवर साठीत केस आले तेव्हा तूच चिमटा घेऊन बसायचीस. म्हणायचीस, "बाईला आधी छाती येते, मग पोरं येतात, मग दाढी येते. मधली पस्तीस वर्षं काय ती मजा." मी सोळाव्या वर्षापर्यंत फळी होते, तू बाराव्या वर्षी आईचे कपडे घालायला लागलीस. मी चिडायचे, एवढीशी पोर माझ्या पुढे गेली म्हणून. तुझी ती वर्षं लवकर सुरू झाली आणि चौतिसाव्या वर्षी कापली गेली. गोळ्यांनी ती तुला परत दिली होती. हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

दोन हजार दोनच्या जुलैत रेडिओवर बातमी आली. मोठं परीक्षण मधेच थांबवलं, गोळ्या घेणाऱ्या बायकांत छातीचा कॅन्सर जास्त निघाला, झटके जास्त आले. मी कुंपणाशी उभी होते. घोड्या बाहेर चरत होत्या, पोटाशी शिंगरं. मला वाटलं, वीस वर्षं मी बायकांना विष पाजलं आणि त्यात माझी बहीण. तशीच ट्रकमध्ये बसले ती थेट विनिपेग. तुझ्या आरशामागच्या कपाटातल्या बाटल्या संडासात रिकाम्या केल्या.

तू म्हणालीस, "अगं, डॉक्टरला विचारू तरी दे."

मी म्हटलं, "त्यानेच दिल्या ना? तो काय सांगणार, कप्पाळ?"

इथपर्यंत माझी फक्त घाई होती. भीतीने केलेली चूक. इथपर्यंत मला माफ करता येईल.

सप्टेंबरात तू बटाटे काढायला आमच्याकडे आलीस. तू शेतात होतीस, मी घरात कोबी चिरत होते. फोन वाजला. तुझ्या डॉक्टरच्या दवाखान्यातली नर्स. तुझ्या घरी दोनदा केला, लारिसाने आमचा नंबर दिला म्हणाली. तू आलेली नाहीस, गोळ्यांची चिठ्ठी नवी करून नेली नाहीस, डॉक्टर काळजीत आहेत. मी म्हटलं, बंद केल्या तिने, बातमी ऐकली नाही का तुम्ही? तर ती बाई शांतपणे म्हणाली, ती बातमी बहुतेक साठीच्या बायकांची आहे. ज्यांची पाळी वयाने गेली त्यांची. तुमच्या बहिणीचं वय अडतीस. या वयात शरीर स्वतः जे बनवत असतं तेवढंच आपण तिला परत देतोय. ते नसेल तर हाडं आतून पोकळ होतील, हृदयालाही धोका. तिला एवढा निरोप द्या, आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगा.

मी म्हटलं, सांगते.

नाही सांगितलं.

दारका, हे वाक्य लिहायला मला सव्वाआठ वर्षं लागली. विसरले नव्हते मी. तू मातीचे हात घेऊन आत आलीस, म्हणालीस, "कोणाचा फोन?" आणि मी म्हटलं, "कंपनीचा."

का, ते ऐक. आदल्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये तूच सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "माझ्या बहिणीने मला वाचवलं." तू, शहरातली शिकलेली, जन्मभर माझं बोलणं सुधारणारी. बायका माझ्याभोवती जमल्या. म्हातारी पारास्का माझा हात कुरवाळत म्हणाली, बहीण असावी तर अशी. आणि त्या नर्सने दोन मिनिटांत मला पुन्हा अडाणी घोडेवाली करून टाकलं. पावलोशीही मी भांडून बसले होते, तबेल्यात पाऊल टाकणार नाही म्हणून. सगळ्यांपुढे नाक वर करून फिरत होते. ते नाक खाली घ्यायचं नव्हतं, बस. एवढंच कारण. यापेक्षा मोठं काहीतरी सापडेल म्हणून मी खूप शोधलं.

पुढच्या आठवड्यात सांगू म्हटलं. मग ख्रिसमसला. मग कंपनीने करार तोडले, घोड्या विकल्या, झिर्का कुठे गेली ते मी विचारलं नाही, आणि त्या रडारडीत वर्ष गेलं. मग तुझं मनगट मोडलं. मी म्हटलं, बर्फावर कोण पडत नाही? मग सुपाचं पातेलं उचलताना तुझ्या पाठीचे दोन मणके दबले. तू चार बोटं बुटकी झालीस. पंचेचाळीस वर्षांची, आणि आई सत्तरीत वाकली नव्हती इतकी वाकलीस. हॉस्पिटलात तू त्या डॉक्टरला शिव्या घातल्यास, "एक फोन करायची बुद्धी झाली नाही मेल्याला!" मी तुझ्या उशाशी बसून मान डोलावली. तुला द्राक्षं सोलून देत होते आणि मान डोलावत होते.

त्याने फोन केला होता, दारका. मी उचलला होता.

परवा डॉफिनच्या दवाखान्यात जाऊन विचारून आले, म्हणजे या वेळी माझ्या मनाचं काही नको. डॉक्टरने सांगितलं ते नर्सने सांगितलं तेच. इतक्या लहान वयात पाळी थांबलेल्या मुलीला हार्मोन द्यायलाच हवं, धोका न देण्यात आहे. लारिसाच्या डॉक्टरणीला प्रश्न विचार, हवे तितके विचार, पण तिचंच ऐक. माझं ऐकू नकोस. माझं ऐकून तुझी पाठ गेली.

तुला वाटेल, स्तेफा आता का बोलली. पोर समोर घामाघूम उभी राहिली नसती तर मी बोलले नसते. मेले असते तरी नसते बोलले. हेही खोटं कशाला लिहू.

मी तुझी माफी मागत नाहीये. मागायची लाज वाटते, आणि तू दिलीस तर ती घेऊन मी करू काय? तू फोन आपटशील, पत्र चुलीत घालशील, सगळ्यांना सांगशील. सांग. चर्चच्या हॉलमध्ये मी स्वतःच सांगेन म्हणशील तर तेही करते.

फक्त एक केलंय ते तुला कळवते. वरचं सगळं शब्दन्‌शब्द पुन्हा उतरवून लारिसाच्या नावाने आज दुपारीच तिच्या कामाच्या पत्त्यावर टाकलं. तुझं मागाहून टाकतेय. तू तिच्यापासून लपवशील म्हणून नाही गं. एक निरोप माझ्या एकटीच्या हातात होता, तेव्हा मी काय केलं ते मला माहीत आहे.

तुला हे मिळेल तेव्हा बहुतेक तिने पहिली गोळी घेतलेली असेल. तिला रागावू नकोस. जेवढा आहे तेवढा सगळा राग इकडे पाठव.

जिने फोन उचलला होता ती,
स्तेफा